लक्ष कुणाचं?

सुट्टी लागली की मुलांनी मामाच्या गावाला जायचं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. माझं मामाचं गाव गुहागर. एस.टी.तून उतरलं की आधी समुद्राचा आवाज यायचा आणि मग मामीची हाक. माझ्या मुलांच्या नशिबी मात्र मामाचं गाव निघालं ते थेट स्पेनमध्ये! माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त वालेन्सिया नावाच्या समुद्रकाठच्या शहरात राहतो. "ताई, जागा आहे, स्वयंपाकघर आहे, फक्त तिकिटं काढा," असा त्याचा दोन वर्षं धोशा होता. शेवटी गेल्या मेच्या अखेरीस आम्ही चौघं जाऊन आलो. हे, मी, दहा वर्षांचा थोरला आणि साडेपाच वर्षांची चिमी.

ह्या सहलीचा ओझरता उल्लेख मागे ह्या सदरात झाला, तर पत्रांचा ढीगच आला. साताऱ्याच्या एका भगिनीनं विचारलं आहे, "एवढ्या लहान मुलीला इतक्या लांब नेण्यात अर्थ काय? मोठेपणी तिला आठवणार तरी किती?" बार्शीच्या एकीचा प्रश्न अधिक रोखठोक: "तिथे जाऊनही पोळ्याच लाटायच्या असतील तर घर काय वाईट?" दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्हींची उत्तरं द्यायचा मी आज प्रयत्न करणार आहे. पण त्या सहलीत वीस मिनिटं अशीही गेली, की त्यांची आठवण आली तर अजून माझे हात गार पडतात. तीही सांगणार आहे. कारण त्या वीस मिनिटांत मी जे शिकले, ते स्पेनला कधीही न जाणाऱ्या बाईलासुद्धा उपयोगी पडेल.

आधी तयारीचं बोलू. व्हिसासाठी प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा करावा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. माझं ऐका, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे; सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. म्हणजे आमची चिमी फुकटात गेली! बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रत्येकाचा निदान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. आणि मूल एकट्या आईबरोबर जाणार असेल, तर वडिलांचं लेखी संमतिपत्र हवंच, हे विसरू नका.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे खाऊचं बोचकं. युरोपात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तेव्हा भावासाठी घरचं तूप, पेढे, आटीव बासुंदी हे सगळे लाड घरीच ठेवा. आंबेसुद्धा नेता येत नाहीत. ताज्या फळांना सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना. माझी देवगडची पेटी शेवटच्या क्षणी शेजारणीच्या घरी गेली. तिची पोरं खूश, माझी नाराज! पोहे, भाजणी, मेतकूट, भडंग, गोडा मसाला मात्र बिनधास्त न्या. आणि कुकर नेणार असाल तर आधी त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. तिथल्या पुष्कळ घरांत इंडक्शनची शेगडी असते. तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर ढिम्म तापत नाही. चुंबक चिकटला तरच कुकर न्यायचा.

आम्ही माद्रिदला उतरलो आणि तिथून वेगवान गाडीनं दोन तासांच्या आत वालेन्सियाला पोचलो. माद्रिद आणि बार्सेलोना सोडलं तर स्पेनमधलं हेच सर्वांत मोठं शहर. तरी वस्ती साधारण आठ लाखांची, म्हणजे मुलांना घेऊन फिरायला अगदी आटोपशीर. गाव सपाट आहे, ट्राम थेट समुद्रापर्यंत जाते, आणि मामाचं घर त्या ट्रामच्या रस्त्यावरच होतं.

पहिले दोन दिवस मात्र आमची नुसती ओढाताण झाली. कारण काय, तर घड्याळ. उन्हाळ्यात त्यांची वेळ आपल्या साडेतीन तास मागे. त्यामुळे पोरं पहाटे चारला टक्क जागी आणि संध्याकाळी सातला डोळे मिटलेली. आणि गावाचा दिनक्रम नेमका उलटा! दुपारचं जेवण दोन-तीन वाजता, त्यानंतर पाचपर्यंत बरीचशी लहान दुकानं बंद, रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. सात वाजता भुकेनं कळवळलेल्या पोरांना घेऊन मी खाणावळीच्या बंद दारासमोर उभी! "कसले हे लोक," असं माझ्या तोंडून गेलंच.

तेव्हा भावानं एक गंमत सांगितली. हे गाव लंडनमधल्या ग्रिनिचच्या रेषेवर, जवळजवळ तिच्या नाकासमोर वसलं आहे. पण १९४० साली स्पेननं आपली घड्याळं एक तास पुढे केली, ती कायमचीच. उन्हाळ्यात बहुतेक युरोप करतो तसा आणखी एक तास पुढे जातो. म्हणजे घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्य नुकता माथ्यावर येत असतो. हे लोक जेवायला उशीर करतात असं आपल्याला वाटतं, पण सूर्याकडे पाहिलं तर ते बाराच्या ठोक्याला पानावर बसलेले असतात! हे कळलं आणि मी भांडण सोडून दिलं. सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर, दोनला जेवण, मग सगळ्यांनी सक्तीनं आडवं व्हायचं, सहाला पुन्हा बाहेर. नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड असतो आणि बागांतून तान्ह्या बाळांपासून आजीआजोबांपर्यंत सगळे फिरत असतात. तिसऱ्या दिवसापासून पोरांची किरकिर थांबली. परगावी मुलं किरकिरली की ती हट्टी झाली असं आपण म्हणतो. पुष्कळदा ती नुसती चुकीच्या वेळी जागी असतात.

साताऱ्याच्या भगिनीनं विचारलं आहे, मुलांना आठवणार काय? मी सांगते. राजवाडे आठवणार नाहीत. नदी आठवेल, जिच्यात पाणी नाही अशी नदी!

वालेन्सियाच्या मधून तुरिया नावाची नदी वाहत असे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तिला भयंकर पूर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारनं नदीचा प्रवाहच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेला. जुनं कोरडं पात्र उरलं. तिथे मोटारींचा मोठा रस्ता करायचा बेत होता. पण गावकरी अडून बसले, "नदी आमची आहे, आम्हाला ती हिरवी हवी." आणि त्यांनी ती हिरवी करून घेतली. १९८६ च्या सुमारास तिथे बाग खुली होऊ लागली. आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीची ती बाग गावाच्या पोटातून जाते. वर जुने दगडी पूल तसेच आहेत, खाली झाडं, सायकली आणि खेळणारी मुलं. एकही मोटार आडवी येत नाही. मुलांच्या आईला ह्याहून मोठं वरदान कोणतं?

ह्या बागेत गलिव्हर झोपला आहे. बुटक्यांच्या देशात दोरखंडांनी जखडलेला तोच तो गलिव्हर. त्याचं सत्तर मीटर लांबीचं धूड १९९० पासून तिथे उताणं पडलं आहे. त्याच्या कोटाच्या घड्या म्हणजे घसरगुंड्या, केस म्हणजे जिने. आपली मुलं त्याच्यावर चढली की आपोआप बुटकी होतात! प्रवेश फुकट. आम्ही तीनदा गेलो. पुढे चालत गेलं की विज्ञानाचं मोठं संग्रहालय लागतं. 'हात न लावण्यास सक्त मनाई' असं त्याचं ब्रीद आहे. आपल्या मुलांना जन्मभर ह्याच्या उलट ऐकायची सवय! त्याच आवारात २००३ साली उघडलेलं प्रचंड मत्स्यालय आहे. डोक्यावरून शार्क जातो अशा काचेच्या बोगद्यात थोरला अर्धा तास खिळला होता. तिथे बेलुगा नावाचे पांढरे देवमासेही आहेत. त्यांतले दोन २०२४ साली युद्धामुळे युक्रेनमधून हलवून आणलेले. मत्स्यालयाचं तिकीट महाग असतं, म्हणून त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. पैसे वसूल करायच्या नादात आपण मुलांना फरफटवतो.

ह्या नदीची दुसरी बाजूही थोरल्याला सांगितली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ह्याच भागात पुन्हा महापूर आला आणि वालेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं दगावली. नव्या पात्रामुळे मूळ शहर वाचलं, पण दक्षिणेकडच्या गावांत पाणी शिरलं. फोनवर धोक्याची सूचना आली ती रात्री आठ वाजून गेल्यावर, तोवर कित्येक घरांत पाणी भरलेलं होतं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात कुणी जाणार असाल, तर पावसाचा इशारा हसण्यावारी नेऊ नका.

आता बार्शीच्या मैत्रिणीसाठी जेवणाचं. वालेन्सिया म्हणजे भाताचा मुलूख. दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठानं भाताची खाचरं पाहून मला कोकणच आठवलं. हे पीक तिथे अरबांनी रुजवलं, आणि तांदळाला स्पॅनिशमध्ये 'आर्रोस' म्हणतात तो शब्दही अरबीतूनच आला. जगभर गाजलेला 'पाएया' हा भात इथलाच. पाएया हे खरं म्हणजे त्या पसरट परातीसारख्या कढईचं नाव. अस्सल वालेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, शेंगा, पांढरे मोठे वाल आणि केशर. आमच्याकडे मासे-मटण चालतं, पण सशाचं नाव काढताच चिमीनं भोकाड पसरलं! मग भाज्यांचा पाएया मागवला. तळाशी लागलेली खरपूस खरवड हाच तिथे मानाचा घास. त्यावरून घरोघरी भांडणं होतात म्हणे. आपल्याकडे काय वेगळं आहे? हा भात ते दुपारी खातात, रात्री नाही.

शाकाहारी मैत्रिणींनी मात्र डोळ्यांत तेल घालावं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर मासा येतो. "मासाही नको" म्हटलं तरी हिरव्या कोशिंबिरीवर ट्यूना पसरलेला असतो किंवा मटारात डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. भाज्यांचा भातही कधी कधी मांसाच्या रश्शात शिजवतात, तेव्हा तेही विचारून घ्या. "सोय बेखेतारियाना" म्हणजे "मी शाकाहारी आहे," हे वाक्य पाठच करून जा. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्हचं तेल घातलेली न्याहारी, तळलेले बटाटे, दही, फळं ह्यांवर मुलं आनंदानं राहतात. बटाट्याचं जाड धिरडं मिळतं, पण त्यात अंडं असतं.

आणि 'ओर्चाता' पाजायला विसरू नका. दुधासारखं पांढरं, गारेगार, गोड, पण त्यात दुधाचा थेंब नाही. 'चुफा' नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून ते करतात; शहराला लागूनच त्यांची शेतं आहेत. हा चुफा कोण, ठाऊक आहे? आपल्या नागरमोथ्याचा सख्खा भाऊ! आपण ज्याला उटण्यात घालतो आणि शेतातून लव्हाळा म्हणून उपटून फेकतो, त्याच कुळातला. सोबत बोटासारखा लांब गोड पाव देतात, तो ओर्चातात बुडवून खायचा.

पोळ्या लाटण्याबद्दल म्हणाल तर आम्ही एक ठरवलं होतं. दुपारचं जेवण बाहेर, कारण कामाच्या दिवशी खाणावळींतून दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड असं ठरावीक दराचं ताट मिळतं. रात्री घरी खिचडी किंवा मेतकूट-भात. पोळपाट-लाटणं नेलंच नव्हतं. नसलं की कुणी मागत नाही, हा अनुभव घेऊन पाहा.

आणि आता ती वीस मिनिटं.

पहिल्या रविवारी आम्ही माल्वारोसाच्या किनाऱ्यावर गेलो. रुंद, सपाट, मऊ वाळू. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. गुहागरला वाढलेल्या माझ्यासारखीला तर तो समुद्र म्हणजे परातीतलं पाणी वाटला. जीवरक्षकाच्या चौकीवर हिरवा झेंडा होता, म्हणजे पोहायला हरकत नाही. पिवळा असेल तर जपून आणि लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. मी निर्धास्त झाले. तीन मोठी माणसं आणि दोन मुलं. कसली काळजी?

चिमी वाळूचं घर बांधत होती. घरापुढे वृंदावन हवंच. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुळशीला खारं पाणी चालत नाही. मी गोडं पाणी आणते." भाऊ फोनवर बोलत होता, तो म्हणाला, "हं." हे पुस्तक वाचत होते, म्हणाले, "हं." मी डबे आवरत होते. मीही म्हटलं, "हं."

डबे आवरून मान वर केली तेव्हा वाळूचं घर होतं, चिमी नव्हती.

मी ह्यांना विचारलं, "चिमी कुठे आहे?"

ते म्हणाले, "मला वाटलं तुझ्याकडे आहे."

मी समुद्राकडे धावले. आपण आई आहोत, आपले पाय आधी पाण्याकडेच जातात. हे एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. थोरल्याला सामानाजवळ उभं केलं, तो रडायला लागला. तो परातीसारखा समुद्र मला त्या क्षणी अथांग दिसत होता. जीवरक्षक मुलगा धावत आला. त्यानं इंग्रजीत विचारलं, "कपडे कुठल्या रंगाचे?" आणि मैत्रिणींनो, मला आठवेना! सकाळी मीच तिला पोहण्याचा पोशाख घातला होता. निळा की हिरवा? माझ्या जिभेला कोरड पडली होती. तो तरुण शांतपणे म्हणाला, "नाव सांगा, वय सांगा," आणि बिनतारी यंत्रावर बोलू लागला.

वीस मिनिटांनी पुढच्या चौकीवरून निरोप आला, मुलगी सापडली.

झालं होतं असं. किनाऱ्यावर पाय धुवायचे नळ असतात, आमच्यापासून पन्नास पावलांवर एक होता. तिथून चिमीनं बादली भरली. परत वळली तर सगळ्या छत्र्या सारख्याच. आमची छत्री निळी होती, पण शेजारच्या दहा छत्र्याही निळ्या. ती सरळ चालत राहिली, बादली सांडू न देता! एका आजीबाईंनी तिला एकटीला पाहिलं, हात धरला आणि चौकीवर आणून बसवलं. मी पोचले तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसून पीच खात होती. मला बघून म्हणाली, "आई, मी सांगून गेले होते." त्या आजीबाईंची भाषा मला येत नव्हती. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. जीवरक्षकानं चिमीच्या मनगटावर कागदी पट्टी बांधून तिच्यावर भावाचा फोन नंबर लिहिला.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी फार बोलले. "मला वाटलं तुझ्याकडे आहे" हे वाक्य मला राहून राहून टोचत होतं. आपल्या घरांतून ह्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो, की मूल कायमचं आईकडेच असतं आणि बाकीचे फक्त सोबत असतात. वाडीला जा, लग्नाला जा, स्पेनला जा, आईची पाळी संपतच नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरं आहे. पण एक सांगू? मी कधी मुलांकडे बघत असलो, तरी तू बघतच असतेस. वर मला सूचनाही देतेस. मग मी बघणं सोडून देतो."

मला राग आला. पण खोटं नव्हतं ते. आणि "हं" तर मीही म्हटलं होतं. तीन "हं" मिळून एक "हो" होत नाही!

तेव्हा मला गुहागरची मामी आठवली. लग्नघरात कोठीची किल्ली एकाच कमरेला, असा तिचा दंडक. दोघींकडे कोठी दिली की साखर संपल्याचं कुणालाच कळत नाही. मामीला अंघोळीला जायचं असलं, तरी ती जाऊबाईंना हाक मारून किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "कोठी तुमच्याकडे." जाऊबाई म्हणायच्या, "माझ्याकडे." मग मामी परत येईपर्यंत कोठीकडे ढुंकून बघत नसे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तेच केलं. भावाच्या घराची जादा किल्ली एका नाडीत ओवली. ज्याच्या गळ्यात किल्ली, मुलं त्याची. देताना म्हणायचं, "मुलं तुझ्याकडे." घेणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "माझ्याकडे." नुसतं "हं" चालणार नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्यानं फोन आणि पुस्तक बाजूला ठेवायचं. आणि ज्याच्याकडे नाही, त्यानं सूचना द्यायच्या नाहीत. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता, आणि तोच सर्वांत अवघड गेला.

पहिल्यांदा किल्ली ह्यांच्या गळ्यात घालून मी एकटी बाहेर पडले, तेव्हा शंभर पावलांत तीनदा मागे वळून पाहिलं. मग पाहिलं नाही. नदीच्या बागेलगत चित्रांचं सरकारी संग्रहालय आहे, तिथे गेले. प्रवेश फुकट, आतमध्ये गारवा. वालेन्सियाचा थोर चित्रकार होआकिन सोरोया (१८६३ ते १९२३) ह्याची चित्रं तिथे आहेत. ह्याच किनाऱ्यावरची पोरं त्यानं जन्मभर रंगवली. ओली, उन्हात चकाकणारी, लाटांत लोळणारी. तो दोन वर्षांचा असताना पटकीच्या साथीत त्याचे आईवडील दोघंही गेले होते. त्याच्या समुद्राच्या किती तरी चित्रांत काठावर एक बाई पांढरी चादर पसरून उभी असते, पाण्यातून येणाऱ्या मुलाला गुंडाळून घ्यायला. लक्ष कुणाचं, हे तिथे विचारावं लागत नाही. मी त्या दालनात एकटीच बाकावर बसले. किती वेळ बसले ते पाहिलं नाही. लग्नानंतर इतका वेळ मी कुठे नुसती बसल्याचं मला आठवत नाही.

परत आले तेव्हा गलिव्हरच्या पोटावरून तिघं घसरत होती. दोन माझी आणि तिसरे मुलांचे वडील, गळ्यात किल्ली! चिमीची वेणी सुटली होती, थोरल्यानं जेवणाआधी आइसक्रीम खाल्लेलं होतं. मी काहीही बोलले नाही. किल्ली माझ्याकडे नव्हती ना!

तेव्हा मैत्रिणींनो, समुद्र स्पेनचा असो की गणपतीपुळ्याचा, मुलांना घेऊन निघताना एवढं कराच. सकाळी कपडे घातले की मुलांचा एक फोटो काढा, म्हणजे कुणी विचारलं तर रंग आठवत बसायला नको. मनगटावर फोन नंबर लिहा. युरोपात कुठेही ११२ हा मदतीचा नंबर चालतो. 'आपली जागा' म्हणून छत्री दाखवू नका, न हलणारी खूण दाखवा: एखादी इमारत, जीवरक्षकाची चौकी. चुकलं तर चालत राहायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि मुलं बरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांगायचं, हे मुलांना आधीच शिकवा. पाणी किती का उथळ असेना, एका माणसाचे डोळे मुलांवर हवेतच. त्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत हवं.

साताऱ्याच्या भगिनी, चिमीला पुढे काय आठवेल ते मी सांगू शकत नाही. सध्या तिला गलिव्हर आठवतो, पीच देणाऱ्या आजी आठवतात, आणि "आपण तुळशीला पाणी घातलंच नाही" ही खंत आठवते. मला विचाराल, तर मी एक नाडीत ओवलेली किल्ली घेऊन आले. भावानं ती परत मागितली नाही. आता ती आमच्या दारामागच्या खुंटीला असते. परवा नणंदेच्या घरच्या लग्नाला निघताना ह्यांनीच ती काढून गळ्यात घातली आणि म्हणाले, "जेवणं होईपर्यंत माझ्याकडे." मी कितीतरी वर्षांनी एखाद्या लग्नात पहिल्या पंगतीला बसले आणि जिलबी गरम असताना खाल्ली.

तुमच्याकडे "लक्ष कुणाचं" ह्याची काय रीत आहे, ते जरूर कळवा. पत्रांची वाट पाहते.